गांज्याने वेड लागते काय?

मराठी शिकविणे हा माझा पोटाचा उद्योग असल्यामुळे शब्दांकडे कान लावून बसण्याची मला खोड आहे. समाज मनातून जे समजतो ते त्याचे शब्द चारचौघांत बोलून टाकतात. भांगेचेच पाहा ना! भांग म्हटली की आपल्याला महाशिवरात्र आठवते, धुळवड आठवते. भांगेत तुळससुद्धा उगवते. पण त्याच झाडाचा तुरा चिलमीत भरला, की ओढणारा लगेच 'गांजेकस' ठरतो. वेडाचेही तसेच. 'ह्याला येरवड्याला पोचवा', 'ठाण्याला धाडा' असे कोणी म्हटले की मंडळी हसतात. ज्या घरातले माणूस खरोखरीच तेथे जाऊन आलेले असते, त्या घराला मात्र हसू येत नाही.

अशा एका घरी माझे जाणेयेणे आहे. तेथला मुलगा माझा जुना विद्यार्थी. नावगाव सांगत नाही. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना त्याला कोणी नसताना माणसांचे बोलणे ऐकू येऊ लागले. शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात अशी त्याची खात्री झाली. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया असे निदान केले. पुढे चौकशीत कळले की, तो सतराव्या वर्षापासून गांजा ओढीत होता, आणि निदान झाल्यावरही त्याने तो सोडला नव्हता. त्याची आई एकदा मला म्हणाली, "सर, तुम्ही पुष्कळ वाचता. एवढे एकच सांगा, हे गांज्याने झाले, की आधीच होते म्हणून तो गांज्याकडे गेला? ह्यांचे म्हणणे, मी लाडावून ठेवला म्हणून झाले."

मी डॉक्टर नव्हे. पण प्रश्न विचारणारी आई होती, म्हणून वाचावयास बसलो. जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवतो.

सव्वाशे वर्षांपूर्वीची एक चौकशी

हा प्रश्न आपल्याच देशात फार पूर्वी विचारला गेला होता. हिंदुस्थानातील वेड्यांची इस्पितळे गांजेकसांनी भरली आहेत अशी ओरड विलायतेत झाली, आणि १८९३ साली सरकारने एक आयोग नेमला. सात सभासद, त्यांत तिघे हिंदी. त्यांनी देशभर हिंडून जवळजवळ १२०० साक्षी घेतल्या आणि १८९४ साली अहवाल सादर केला.

त्यातला वेड्यांच्या इस्पितळांचा भाग कादंबरीसारखा वाचनीय आहे. १८९२ साली देशातील इस्पितळांत १३४४ रोगी दाखल झाले. त्यांपैकी २२२ जणांच्या नावापुढे 'कारण' या रकान्यात गांजा, भांग किंवा चरस लिहिलेले होते. आयोगाने एकेका रोग्याची मागे जाऊन चौकशी केली, तेव्हा जेमतेम ९८ जणांच्या बाबतीत तसे म्हणण्यास आधार सापडला. आणि त्यांतही कित्येकांना इतर कारणे होतीच. मग बाकीच्यांच्या नावापुढे गांजा आला कोठून? रोग्याबरोबर जो कागद येई त्यात कारणाचा एक रकाना असे. तो रिकामा ठेवणे बरे दिसत नसे. पोलिसाने विचारावे, 'हा गांजा ओढतो काय?' कोणीतरी 'असेल' म्हणावे, आणि रकाना भरला जावा!

म्हणून आयोगाने गांज्याला निर्दोष ठरविले असे मात्र नव्हे. बेताने घेणाऱ्या बहुतेकांच्या मनावर अपाय दिसत नाही; परंतु अतिसेवनाने, विशेषतः ज्याच्या मनात मुळातच कमकुवतपणा आहे किंवा घराण्यात वेड आहे अशाला, वेड लागू शकते, असे त्याने लिहून ठेवले.

आजचे शास्त्र काय म्हणते?

आश्चर्य असे की, आजचे शास्त्रही पुष्कळसे त्याच वळणावर येऊन उभे आहे. फक्त आता त्याच्याजवळ मोजमापे आहेत. गांज्यात नशा आणणारे जे द्रव्य असते, ते टीएचसी, इस्रायलमध्ये राफाएल मेशूलम आणि येखिएल गाओनी यांनी १९६४ साली वेगळे काढले. मेंदूतील ज्या यंत्रणेवर त्याचा परिणाम होतो तिचा डोपामीन या रसायनाशी संबंध आहे, आणि स्किझोफ्रेनियातही याच रसायनाचा तोल ढळलेला असतो.

स्वीडनमध्ये १९६९-७० साली सैन्यभरतीसाठी आलेल्या सुमारे ४५,००० तरुणांची पुढे पंधरा वर्षे नोंद ठेवण्यात आली. ज्यांनी पन्नासांहून अधिक वेळा गांजा घेतला होता, त्यांच्यात स्किझोफ्रेनियाचे प्रमाण न घेणाऱ्यांच्या सहापट निघाले. इतर कारणे वजा घातली की हा आकडा बराच खाली येतो, पण नाहीसा होत नाही. न्यूझीलंडमधील डनेडिन शहरी १९७२-७३ साली जन्मलेल्या मुलांच्या पाहणीत असे दिसले की, पंधराव्या वर्षाच्या आत ज्यांनी सुरुवात केली त्यांना धोका अधिक. आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या युरोप व ब्राझीलमधील अभ्यासात, रोज कडक गांजा ओढणाऱ्यांत मनोविकाराचे पहिले दुखणे येण्याची शक्यता जवळजवळ पाचपट आढळली.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे. आपल्या देशात २०१९ च्या सरकारी पाहणीप्रमाणे सुमारे तीन कोटी लोक भांग, गांजा किंवा चरस घेतात; त्यांतल्या बहुतेकांना हा रोग होत नाही. उलट, ज्यांनी गांजा कधी पाहिलाही नाही अशा असंख्य लोकांना तो होतो. शिवाय, ज्या आनुवंशिक गुणांमुळे रोगाचा संभव वाढतो, त्यांतल्या काहींमुळे गांज्याची ओढही वाढते, असे दिसते. म्हणजे त्या माउलीच्या प्रश्नाला 'दोन्ही थोडे थोडे' असेच उत्तर द्यावे लागते. आणि आईच्या लाडाने हा रोग होतो याला मात्र कसलाही आधार नाही.

तरी ते का ओढतात?

या रोगाने पीडित असलेल्यांपैकी सुमारे पाव लोकांना आयुष्यात केव्हा ना केव्हा गांज्याचे व्यसन जडलेले असते, असे निरनिराळ्या देशांतील अभ्यास सांगतात. रोग वाढत असतानाही माणूस ते का करतो, हे मी त्या मुलालाच विचारले. तो म्हणाला, "सर, गोळ्यांनी आवाज कमी होतात, पण दिवस संपत नाही. सगळे मित्र नोकरीला लागले. चिलीम असते तिथे मला कोणी 'कसा आहेस रे?' असे दया आल्यासारखे विचारीत नाही. तिथे सगळे सारखेच."

आवाजांचे काय होते, म्हणून मी विचारले. थोडा वेळ गप्प बसून तो म्हणाला, "ओढताना त्यांची फिकीर वाटत नाही. दुसऱ्या दिवशी ते जास्त येतात."

त्या उत्तरात सगळे शास्त्र आले! रोग्यांना त्यांची कारणे विचारली तेव्हा पुष्कळांनी हेच सांगितलेले आहे: झोप येत नाही, कंटाळा येतो, मन उदास असते, सोबत मिळते. ही गरज खोटी नव्हे. पण किंमत भारी पडते. गांजा चालू ठेवणाऱ्यांचे दुखणे पुन्हापुन्हा उलटते, इस्पितळाच्या फेऱ्या वाढतात, औषधे चुकतात. जे सोडतात त्यांची प्रकृती, चालू ठेवणाऱ्यांच्या मानाने, पुष्कळ बरी राहते. निदान झाल्यावर सोडण्यातही फायदा आहे, ही या साऱ्या वाचनात मला सापडलेली सर्वांत आशेची गोष्ट.

घरच्यांनी काय करावे?

पहिली गोष्ट, डॉक्टरांपासून काही लपवू नये. गांजा बहुधा तंबाखूत मिसळून ओढतात, आणि त्या धुरामुळे क्लोझापीनसारख्या औषधाचे रक्तातील प्रमाण घटते. धूर एकाएकी बंद झाला तर ते प्रमाण वाढून त्रास होऊ शकतो. तेव्हा सोडतानाही डॉक्टरांना आधी सांगावे. सोडल्यावर आठपंधरा दिवस झोप उडते, चिडचिड होते, अन्न जात नाही. तेवढ्यावरून 'रोग उलटला' असे घाबरून ठरवू नये. डॉक्टरांना विचारावे.

दुसरी गोष्ट, चिलीम काढून घेतली तर तिच्या जागी काहीतरी द्यावे लागते. माणसे द्यावी लागतात, काम द्यावे लागते. डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात काढलेल्या 'मुक्तांगण'ने हे व्यसनाच्या बाबतीत आपल्याला दाखविले. स्किझोफ्रेनियाच्या कुटुंबांसाठीही पुण्यात जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने संस्था उभी राहिली. २००४ चा 'देवराई' हा चित्रपट पुष्कळांनी पाहिला असेल, त्यामागेही तेच होते.

तिसरी गोष्ट कायद्याची. १९८५ च्या कायद्याने गांजा व चरस हे गुन्हे ठरतात. पण स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला संरक्षण देण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी दवाखान्यात उपचार मिळणे हा हक्क मानला आहे. मनाच्या दुखण्यासाठी १४४१६ आणि व्यसनासाठी १४४४६ या क्रमांकांवर फोन करून सल्ला मिळतो.

त्या आईला मी हे सारे सांगितले. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे दोष कुणाचा ते नक्की होत नाहीच." मी म्हटले, "नाही होत, वहिनी." मग ती उठली आणि गोळ्यांची वेळ झाली म्हणून आत गेली.

दिवाळीच्या दिवसांत घरोघरी पाहुणे येतात, आणि असे एखादे माणूस आतल्या खोलीत बसवून ठेवले जाते. पाहुण्यांपुढे त्याचे नाव काढीत नाहीत. वाचकहो, असे घर तुमच्या ओळखीचे असेल, तर फराळाचे ताट घेऊन जरूर जा. कशाने झाले, केव्हापासून, कोणाच्या संगतीने, यांतले काहीएक विचारू नका. तो कारणाचा रकाना १८९२ सालीही कोणाला धड भरता आला नव्हता. आतल्या खोलीत जा, त्याच्याजवळ बसा, आणि त्याला म्हणावे, "चल, जरा पाय मोकळे करून येऊ."