नदी उशाला, कोरड घशाला

शिरूरला घोड नदी आहे. दौंडला भीमा आहे. तरी आपला मुलूख कोरडा. असे का?

आपल्या मावळतीला सह्याद्री आहे. पावसाळी वारे समुद्रावरून येतात. डोंगराला अडून वर चढतात. वर ते गार होतात, आणि पाऊस तिथेच पडतो. भीमाशंकरला वर्षाला १०० इंचांहून जास्त पाऊस होतो. आपल्याकडे येईतो ढग रिते होतात. आपल्या वाट्याला २० इंचांच्या आसपास पाऊस येतो.

मग नदीला पाणी कुठले? ते डोंगरावरचे. भीमा, घोड, कुकडी साऱ्या सह्याद्रीतच उगम पावतात. कुकडी घोडीला मिळते, घोड भीमेला. पुण्याची मुळा-मुठाही भीमेतच येते. भीमा पुढे पंढरपूरवरून जाते आणि कर्नाटक-तेलंगणाच्या सीमेवर कृष्णेला मिळते.

नदी वाहते खोलात. आपला माळ उंचावर. खाली काळा पाषाण. टाकळी हाजीजवळ कुकडीत हा पाषाण उघडा दिसतो. पाण्याने गोटे घुमवून त्यात रांजणाएवढे खळगे पाडले आहेत. या पाषाणात पाणी मुरते ते फटींतूनच. बाकीचे वाहून जाते. म्हणून उन्हाळ्यात विहिरी आटतात.

पण २० इंच पाऊस म्हणजे एका एकरावर सुमारे २० लाख लिटर पाणी! ते आपले आहे. बांध घालू या, नाले अडवू या. डोंगरावरचा पाऊस आपल्या हाती नाही. आपल्या शिवारातला मात्र आहे.