मेंदूचे विकार अनेक, बिघाडाची रीत एक

अल्झायमरमध्ये स्मृती जाते, पार्किन्सनमध्ये हात थरथरतात, ए.एल.एस.मध्ये स्नायू दुबळे होतात. वरवर पाहता हे विकार अगदी भिन्न आहेत. परंतु रुग्णाच्या मृत्यूनंतर मेंदूची सूक्ष्म तपासणी केली असता त्यांत एक साम्य आढळते. ते म्हणजे बिघडलेल्या प्रथिनांचे साठे.

प्रथिन ही अमिनो आम्लांची साखळी होय. ती ठरावीक घडीत बसली तरच आपले काम करते. घडी चुकली की अशी प्रथिने एकमेकांना चिकटून गुठळ्या बनतात. अल्झायमरमध्ये अमायलॉइड-बीटा व टाऊ, पार्किन्सनमध्ये अल्फा-सिन्युक्लिन, तर बहुतेक ए.एल.एस. रुग्णांत टीडीपी-४३ हे प्रथिन साचते. पेशीत सफाईची व्यवस्था असते, पण वयोमानानुसार ती मंदावते. म्हणूनच हे विकार बहुधा उतारवयात दिसतात.

बिघडलेले प्रथिन निरोगी प्रथिनालाही आपल्यासारखे करते, हे प्रायॉन रोगांच्या अभ्यासातून पुढे आले. स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये 'प्रायॉन' ही संज्ञा मांडली. त्यांना १९९७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. टाऊ व अल्फा-सिन्युक्लिन यांचा असाच प्रसार प्राण्यांवरील प्रयोगांत दिसला आहे. मात्र याचा अर्थ अल्झायमर किंवा पार्किन्सन स्पर्शाने पसरतो असा नव्हे. रुग्णाची सेवा करणाऱ्यांनी ही भीती बाळगू नये.

उपचारांच्या तीन दिशा आहेत. पहिली, दूषित प्रथिनाची निर्मिती रोखणे. एसओडी-१ जनुकातील दोषामुळे होणाऱ्या ए.एल.एस.साठी टोफर्सेन या औषधाला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली. दुसरी, साचलेले प्रथिन काढून टाकणे. लेकॅनेमॅबच्या १८ महिन्यांच्या चाचणीत अल्झायमरच्या रुग्णांची घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. तथापि हे औषध आरंभीच्या अवस्थेतच दिले जाते, गेलेली स्मृती परत आणत नाही आणि त्यामुळे मेंदूला सूज येण्याचा वा रक्तस्राव होण्याचा धोका असतो. तिसरी, पेशीची सफाईव्यवस्था बळकट करणे. हे कार्य अद्याप संशोधनाच्या टप्प्यावर आहे.

वृद्धांच्या मेंदूत अनेकदा एकाहून अधिक प्रथिने एकाच वेळी साचलेली असतात. त्यामुळे एकच औषध पुरेसे ठरेल असे नाही.

साठे लक्षणांच्या कित्येक वर्षे आधी सुरू होतात, तेव्हा वेळेला फार महत्त्व आहे. घरातील वडीलधाऱ्यांच्या वाढत्या विस्मरणाला 'म्हातारचळ' म्हणून सोडून देऊ नये. थायरॉइडचा विकार किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता हेही त्याचे कारण असू शकते, आणि त्यावर उपचार आजच उपलब्ध आहेत.