घरचा संगणक (लेखांक ९) : आवाज चालू, चित्र थांबलेलं

फेब्रुवारी २०२४ मध्ये ९७वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अमळनेरला झालं. त्यातलं एखादं भाषण आज घरच्या डेस्कटॉपवर लावावं, वक्त्याचा आवाज येत राहावा आणि चेहरा मात्र तोंड उघडं ठेवून गोठावा, अशी तक्रार घेऊन माणूस दुकानात जातो. तिथे बहुतेक वेळा एकच सल्ला मिळतो : रॅम वाढवा. माझं मत उलट आहे. आठ जीबी रॅम असलेल्या संगणकावर व्हिडिओ अटकत असेल, तर दोष बहुधा दुसरीकडे असतो. पैसे खर्चण्याआधी व्हिडिओ कसा अटकतो ते नीट पाहा.

चित्र आणि आवाज दोन्ही थांबले, मध्ये गोल चक्र फिरू लागलं, तर ते नेटचं दुखणं. डेस्कटॉप आतल्या खोलीत आणि राउटर ओसरीवर असेल, तर दोघांमध्ये लॅन केबल टाकून बघा. एवढ्यानं भागलं तर पुढचं वाचायचीही गरज नाही.

आवाज चालू आणि चित्र थांबलेलं, ही गोष्ट मात्र वेगळी. इथे नेट नीट असतं, माहिती घरात पोचलेली असते. ती उलगडायला संगणक कमी पडतो. व्हिडिओ दाबून, आक्रसून पाठवला जातो. दाबण्याच्या या पद्धतीला कोडेक म्हणतात. एच.२६४ हा कोडेक २००३चा, व्हीपी९ हा २०१३चा, एव्ही१ हा २०१८चा. कोडेक जितका नवा तितका डेटा कमी लागतो, पण उलगडण्याचं काम वाढतं. हे काम करायला प्रोसेसरच्या ग्राफिक्स भागात खास सर्किट असतं. ते असेल तर मुख्य प्रोसेसर निवांत राहतो. नसेल तर सगळा भार त्याच्यावर येतो, आणि सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर एका चित्राला त्याच्या हाती जेमतेम १६ मिलिसेकंद उरतात.

आपल्याकडे अनेक घरांत कंपन्यांमधून निघालेले जुने डेस्कटॉप आले आहेत. त्यांत इंटेलच्या चौथ्या पिढीचे, म्हणजे २०१३च्या सुमाराचे प्रोसेसर भरपूर. एच.२६४साठीचं सर्किट त्यांत आहे. व्हीपी९साठी मात्र पुरतं सर्किट इंटेलनं सातव्या पिढीपासून दिलं, एव्ही१साठी अकराव्या पिढीपासून. यूट्यूब तर आजकाल नवे कोडेकच जास्त पाठवतं. संगणक बिघडलेला नसतो. त्याच्यापुढे येणारा व्हिडिओ बदललेला असतो.

खात्री करून घ्या. चालू व्हिडिओवर उजवं बटण दाबा आणि ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा. ‘कोडेक्स’च्या ओळीत व्हीपी०९ किंवा एव्ही०१ दिसतंय, ‘बफर हेल्थ’मध्ये बरेच सेकंद शिल्लक आहेत, तरी ‘ड्रॉप्ड’ फ्रेमचा आकडा वाढतच चाललाय, तर निदान झालं. बफर शून्याकडे जात असेल, तर पुन्हा नेटकडे वळा.

उपाय फुकट आहेत. क्रोमच्या सेटिंगमध्ये ‘सिस्टम’खाली ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन चालू आहे का ते बघा. चालू असूनही अटकत असेल तर एकदा बंद करून पाहा, कारण ग्राफिक्सचा ड्रायव्हर जुना किंवा सदोष असला की तेच आडवं येतं. तसं निघालं तर ड्रायव्हर संगणक बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. यूट्यूबच्या ‘प्लेबॅक अँड परफॉर्मन्स’मध्ये एव्ही१ फक्त एसडीपुरतं ठेवता येतं. ‘एच२६४इफाय’ हे एक्स्टेन्शन टाकलं तर यूट्यूब जुन्या एच.२६४मध्येच व्हिडिओ देतं. डेटा थोडा जास्त जातो आणि १०८०पीच्या वर जाता येत नाही, पण भाषण ऐकायला-बघायला ७२०पीदेखील पुष्कळ झालं.

लग्नाच्या पेन ड्राइव्हचं प्रकरण याच जातीचं. फोटोग्राफर फोर-केमध्ये शूटिंग देतो. फोर-केच्या एका चित्रात सुमारे ८३ लाख बिंदू असतात, फुल एचडीच्या चौपट. फाइल आधी हार्ड डिस्कवर घ्या आणि व्हीएलसीमध्ये लावा. दर वेळी त्याच सेकंदाला अडकली तर फाइल खराब आहे. दर वेळी वेगळ्या ठिकाणी अडकली तर संगणकाला ती झेपत नाही. मग फोटोग्राफरकडे १०८०पी, एच.२६४मधली प्रत मागा. ती देणं त्याला अवघड नाही, आणि हळदीपासून पाठवणीपर्यंतचं सगळं घरच्या जुन्या संगणकावरही सुरळीत चालेल.

आता खान्देशचं खास कारण : ऊन. वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि संगणकाचा पंखा तीच तापलेली हवा आत ओढतो. हीटसिंकवर धूळ बसलेली असेल तर प्रोसेसरचं तापमान १०० अंशांकडे सरकतं आणि तो जळू नये म्हणून आपला वेग स्वतःच कमी करतो. सकाळी नीट चालणारा व्हिडिओ दुपारी दहा-पंधरा मिनिटांनी अडखळू लागला, तर शंका उष्णतेचीच घ्या. संगणक बंद करा, प्लग काढा, झाकण उघडून मऊ ब्रशनं धूळ झाडा; पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. वर्षानुवर्षांची थर्मल पेस्ट सुकलेली असते, ती दुकानातून बदलून घ्या. या कामाला पैसे मोजायला मात्र हरकत नाही.

राहिली हार्ड डिस्क. व्हिडिओबरोबर माउसही थांबत असेल, फोल्डर उघडायला वेळ लागत असेल, तर आधी मुलांचे फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या. व्हिडिओचं नंतर पाहू. अशा डिस्कच्या जागी एसएसडी बसवणं हा जुन्या डेस्कटॉपवरचा सर्वांत सार्थ खर्च आहे.

तेव्हा दुकानात जाण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून न्या : आवाज थांबतो का, ‘कोडेक्स’च्या ओळीत काय दिसतं, आणि दुपारी त्रास वाढतो का. पुढच्या लेखांकात, १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चं नियमित समर्थन संपल्यानंतर याच जुन्या संगणकांचं काय करायचं ते पाहू.