‘फरक आढळला नाही’ म्हणजे नेमकं काय?

सोलापूरहून अक्कलकोटकडे निघालं की कुंभारी लागतं. इथे वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार बायकांची दहा हजार घरंही. समजा, मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या इथल्या वीस जणींचं हिमोग्लोबिन आपण तपासलं आणि विड्या न वळणाऱ्या वीस जणींशी ताडून पाहिलं. सरासरीत थोडा फरक निघाला. तो खरा, की योगायोगाचा?

संख्याशास्त्र सुरुवात उलटीकडून करतं. आधी धरून चालायचं की फरक नाहीच. हे शून्य गृहीतक. मग विचारायचं, फरक खरोखर नसता तर एवढं किंवा याहून जास्त अंतर निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता किती? ती शंभरात पाचाहून कमी भरली तर गृहीतक सोडून द्यायचं.

यात दोन तऱ्हांनी चुकता येतं. चादरीच्या कारखान्यातला तपासनीस चांगला माल खराब ठरवतो, ही पहिल्या प्रकारची चूक. खराब माल पास करतो, ही दुसरी. संशोधनात पहिलीवर पाच टक्क्यांचा पहारा असतो. दुसरीकडे मात्र पुष्कळदा कोणी वळूनही पाहत नाही.

दोन सरासरींची तुलना करायला बहुधा ‘टी’ चाचणी वापरतात. ती काही दवाखान्यात जन्मली नाही. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कंपनीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने ती मांडली. थोड्या नमुन्यांवरून निर्णय घेणं ही धंद्याची गरज होती. अशा प्राचलीय चाचण्यांच्या अटी असतात. आकडे साधारण घंटेच्या आकारात पसरलेले हवेत, नोंदी एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. हिमोग्लोबिन बहुधा त्यात बसतं. घरगुती उत्पन्न बसत नाही, कारण चार-दोन मोठे आकडे सरासरी ओढून नेतात. तिथे क्रमांकावर चालणारी चाचणी बरी.

आता आपल्या वीस जणी. खरा फरक अर्ध्या ग्रॅमचा आणि आकड्यांचं प्रमाण विचलन दीड ग्रॅम असं मानलं, तर एवढ्या छोट्या पाहणीतून तो फरक पाचपैकी सुमारे चार वेळा निसटतो. ऐंशी टक्के खात्री हवी तर प्रत्येक गटात १४० च्या आसपास बायका लागतील.

मोठ्या अभ्यासातही हा पेच सुटत नाही. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि टाटा मेमोरियल यांच्या सहभागाने १९९९ पासून शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचपणी झाली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, गावांचे ५२ समूह, चार गट. एका गावातल्या बायकांचं राहणीमान एकसारखं असतं, म्हणून गावांचे समूह हिशेबात धरावे लागतात. नाहीतर नसलेला फरकही दिसू लागतो.

निकाल २००९ मध्ये आला. नेहमीच्या सेवेच्या गटात ६४ मृत्यू, एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात ३४. धोका जवळपास निम्म्यावर. पातळ ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहण्याच्या स्वस्त तपासणीच्या गटात ५६. इथे फरक ‘सार्थ’ ठरला नाही. पण विश्वासाची मर्यादा पाहा : धोका ४० टक्क्यांनी घटल्यापासून २५ टक्क्यांनी वाढल्यापर्यंत काहीही शक्य होतं. याचा अर्थ ‘उपयोग नाही’ असा होत नाही, ‘अजून सांगता येत नाही’ एवढाच होतो. मला वाटतं, ही दोन वाक्यं एकच समजून किती तरी कामाच्या गोष्टी फायलीत बंद झाल्या असतील.

तीच स्वस्त तपासणी मुंबईच्या झोपडपट्ट्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत केली. प्रयोग वेगळा, फेऱ्या जास्त, त्यामुळे तुलना सरळ नाही. दीड लाखावर स्त्रियांच्या त्या अभ्यासात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटलेले आढळले, आणि या वेळी फरक सार्थ होता.