बाणाचे पोलादी पाते : पारख आणि मर्यादा

सुट्टी जवळ आली की आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील तरुणांचे लक्ष अकोले तालुक्याच्या डोंगरांकडे लागते. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड ही नावे शाळेच्या आवारात ऐकू येऊ लागतात, आणि पिशवीत काय काय घ्यावयाचे ह्याच्या याद्या होऊ लागतात. अलीकडे अशा यादीत एक नवा जिन्नस आढळतो : करंगळीएवढे, चपटे, पोलादी बाणाचे पाते. रानात वाट चुकली तर ते वेळूच्या काठीस बांधावे, लहानसे धनुष्य करावे व आपला निर्वाह करावा, अशी त्यामागील कल्पना असते. ही वस्तू पारखावी कशी, आणि ती पिशवीत असावी की नसावी, ह्या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, काठीच्या टोकाला धारदार पाते बसविण्याची विद्या आपल्या भूमीस नवी नाही. प्रवरा नदीच्या काठी संगमनेर तालुक्यात जोर्वे, श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद, आणि त्याच नदीवर नेवासे, ही तीन स्थळे प्राचीन वसाहतींकरिता विद्वानांस सुपरिचित आहेत. जोर्वे येथे १९५०-५१ साली व नेवासे येथे १९५४ ते ५६ ह्या काळात उत्खनन झाले. इ. स. पूर्व सुमारे १४०० ते ७०० ह्या काळातील त्या शेतकरी लोकांस तांबे ठाऊक होते. परंतु तांबे दुर्मिळ असल्यामुळे नित्याच्या कामासाठी ते गारगोटीच्या जातीच्या दगडाची लहान लहान पाती काढीत आणि ती लाकडाच्या किंवा हाडाच्या दांड्यात बसवून वापरीत. नेवासे येथे एका बालकाच्या गळ्यातील तांब्याच्या मण्यांमध्ये धाग्याचे अवशेषही मिळाले आहेत. पाते, दांडी आणि दोरा ही त्रयी किती पुरातन आहे, हे ह्यावरून दिसेल. पुढे लोखंड आले, लोहाराची ऐरण गावोगाव बसली, आणि भिल्ल, ठाकर आदिकरून वनवासी जनांच्या तिरकमठ्यास लोखंडी पाते लाभले.

आता पारखीकडे वळू. पहिला प्रश्न जोडणीचा. पाते दांडीस तीन प्रकारांनी जोडतात. काही पात्यांस मागे पोकळ नळी असते व तिच्यात दांडी बसते. ही जोडणी बळकट खरी. परंतु नळीच्या मापाचीच दांडी हवी, आणि रानात ती मिळेलच असे नाही. काहींस बारीक शेपूट असते व ते दांडीच्या आत ठोकून बसवितात. अशा वेळी कच्चा वेळू उभा चिरण्याचे भय असते. तिसरा प्रकार चपट्या पात्याचा. दांडीचे टोक मध्ये चिरावे, पात्याचे शेपूट त्या चिरेत सरकवावे व वरून दोरा घट्ट आवळावा. पिशवीत अगदी थोडी जागा घेणारे ते हेच होय. हे घेताना शेपटाच्या दोन्ही कडांस दोरा अडकण्यासाठी खाचा आहेत की नाहीत हे पाहावे. खाचा नसतील तर पहिल्याच आघातास पाते मागे सरकून दांडी दुभंगते. त्या खाचांची धार मात्र मोडलेली असावी. नाही तर आपलेच पाते आपलाच दोरा कापून टाकील.

दुसरा प्रश्न धातूचा. नुसते चकाकते म्हणून पोलाद चांगले ठरत नाही. पोलाद म्हणजे लोखंड व थोडासा कार्बन ह्यांचे मिश्रण. कार्बनचे प्रमाण शेकडा पाव भागाहून कमी असेल तर पत्रा मऊ राहतो व त्यास पाणी चढत नाही. धारेच्या हत्यारास शेकडा सुमारे ०.६ ते १ भाग कार्बन लागतो. आपल्याकडील लोहार मालमोटारीच्या कमानीचा जुना पाटा विळ्याकोयत्यांसाठी पसंत करितात, त्याचे कारण हेच. असे पोलाद तापवून लाल करून एकदम तेलात बुडविले म्हणजे ते अतिशय कठीण, पण त्याबरोबरच ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा बेताने तापवितात. सुमारे २२० अंश सेल्सिअसला त्यावर गव्हाच्या काडासारखी पिवळी छटा येते, तर ३०० च्या सुमारास निळी. पिवळ्या छटेवर थांबविलेले पाते धार फार टिकविते, परंतु खडकावर आदळल्यास त्याचा टवका उडतो. निळ्या छटेपर्यंत नेलेले थोडे मऊ, पण चिवट असते. बाण चुकून दगडावर जाणारच. सबब येथे चिवटपणाकडे कल असलेला बरा.

विकत घेणाऱ्यास भट्टी दिसत नाही. त्याने कानस घ्यावी. धारेजवळ कानस हलकेच ओढली असता ती काचेवरून घसरावी तशी घसरली, तर पाते ठिसूळ असण्याचा संभव आहे. ती सहज खोल लागली, तर धातू मऊ आहे. अडखळत, नेटाने लागली, तर पाणी बेताचे आहे असे समजावे. न गंजणाऱ्या पोलादात शेकडा निदान साडेदहा भाग क्रोमियम असते. नगर शहराकडे वर्षाकाठी ५०० ते ६०० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, तर घाटघर-रतनवाडीकडे तो हजारोंनी मोजावा लागतो. तेव्हा तिकडील दमट हवेत साधे पोलाद वापरणाऱ्याने त्यास तेलाचा हात लावून ठेवणे अवश्य आहे.

तिसरा प्रश्न वजनाचा, आणि हा विद्यार्थ्यांनी गणित करूनच सोडवावा. समजा, पाते त्रिकोणी, ४ सेंटिमीटर लांब, बुडाशी २ सेंटिमीटर रुंद व २ मिलिमीटर जाड आहे. त्याचे क्षेत्रफळ ४ चौरस सेंटिमीटर, घनफळ ०.८ घन सेंटिमीटर. पोलादाची घनता सुमारे ७.८५, म्हणून वजन सुमारे ६.३ ग्रॅम. दीड सेंटिमीटर लांब व ०.८ सेंटिमीटर रुंद शेपटाचे सुमारे १.९ ग्रॅम मिळविले म्हणजे एकूण ८ ग्रॅमच्या जवळपास. आता ७५ सेंटिमीटर लांबीच्या व २२ ग्रॅम वजनाच्या दांडीस हे पाते लाविले तर, पिसांचे वजन सोडून देता, बाणाचा तोल मध्यापासून सुमारे १० सेंटिमीटर पुढे येतो. लांबीच्या मानाने हे अंतर शेकडा १३ भाग होते, आणि ते ठीक आहे. कारण तोल पुढे असला व मागे पिसारा असला म्हणजे बाण वाटेत सरळ होतो. पाते अवघे २ ग्रॅमचे असेल तर तोल मध्याच्या ३ सेंटिमीटरच पुढे येतो व बाण हवेत डोलतो. २० ग्रॅमचे असेल तर तो १८ सेंटिमीटर पुढे जातो आणि बाण लवकर खाली झुकतो. मोठे पाते ते चांगले, ही समजूत चुकीची आहे.

येथवर पारख झाली. पण लेखाचा महत्त्वाचा भाग पुढेच आहे. ज्या हरिश्चंद्रगडासाठी आपण यादी करीत आहो, तो १९८६ साली स्थापन झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात लेखी परवानगीवाचून शस्त्र घेऊन शिरता येत नाही, आणि त्या कायद्यातील शस्त्राच्या व्याख्येत धनुष्यबाण व सुरी ही दोन्ही स्पष्टपणे आली आहेत. कायद्याने संरक्षिलेल्या प्राण्यांची शिकार तर अभयारण्याबाहेरही गुन्हाच होय. तेव्हा 'केवळ संकटासाठी' म्हणून पाते पिशवीत घालणारा मुलगा आपल्यासह बरोबरच्या मंडळींसही संकटात घालतो. पालकांनी ही गोष्ट निघण्यापूर्वीच स्पष्टपणे सांगावी.

आणि कायदा क्षणभर बाजूस ठेविला तरी व्यवहार काय सांगतो? अन्नावाचून मनुष्य काही आठवडे तग धरू शकतो; पाण्यावाचून तीन-चार दिवसही कठीण. वाट चुकलेल्याचा घात करितात ते तहान, थंडी, अंधार आणि कड्यावरील घाई. ज्याने वर्षानुवर्षे तिरकमठा हाती धरिलेला नाही, त्याच्या हातून ओल्या रानात पाखरू पडणे जवळजवळ अशक्य. उलट बोट कापण्याचा संभव मात्र मोठा. म्हणून त्या आठ ग्रॅमांच्या जागी एक शिट्टी घ्यावी. मिनिटाला सहा वेळा फुंकून मिनिटभर थांबावे, पुन्हा फुंकावे. डोंगरांत हा मदतीचा संकेत रूढ आहे. पाण्याची भरलेली बाटली, विजेरी, एक उबदार वस्त्र, गूळ-शेंगदाणे व दोर ही बरोबर असावीत, निघण्यापूर्वी घरी वाट व परतण्याची वेळ सांगून ठेवावी, आणि दूरध्वनीस संपर्क मिळत असेल तर ११२ हा क्रमांक फिरवावा.

मग पात्याची पारख व्यर्थ गेली काय? मुळीच नाही. धनुर्विद्येची आवड असणाऱ्याने ती मैदानावर, शिक्षकाच्या देखरेखीखाली जोपासावी. साताऱ्याची अदिती स्वामी व नागपूरचा ओजस देवतळे ह्यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिन येथे कंपाउंड धनुष्याच्या प्रकारात वैयक्तिक विश्वविजेतेपदे मिळविली. तेथे लक्ष्यावर मारावयाच्या बाणास धारेचे पाते नसते. गुळगुळीत, गोळीच्या आकाराचे टोक असते, जे लक्ष्यातून सहज निघते. जोडणी, धातू व वजन ह्यांविषयी वर सांगितलेली तत्त्वे त्यासही लागू पडतात. ज्या कामासाठी वस्तू हवी ते काम आधी ठरवावे व मग वस्तू घ्यावी, हाच खरेदीचा पहिला नियम आहे.

विद्यार्थिमित्रहो, हत्यार ओळखता येणे हे ज्ञान होय. ते कोठे न्यावयाचे नाही हे कळणे, हा विवेक होय. डोंगरावर जाताना ज्ञान मस्तकात न्यावे, पाते घरी ठेवावे, आणि सुखरूप परत यावे.