गरम झाली की बंद पडणारी जुनी गाडी: दोष नेमका शोधायचा कसा?

इंग्लंडमध्ये मी १९६५ सालची एक मॉरिस मायनर पुन्हा रस्त्यावर आणतोय. अलेक इसिगोनिस यांनी डिझाइन केलेली ही गाडी १९४८ मध्ये आली. दहा लाखांचा टप्पा गाठणारी ही पहिली ब्रिटिश कार. आपली अँबेसडर ज्या मॉरिस ऑक्सफर्डवरून आली, तिच्याच घरातली.

माझ्या गाडीचा त्रास असा, की सकाळी पटकन सुरू व्हायची, वीस मिनिटं छान चालायची आणि अचानक बंद. अर्ध्या तासाने पुन्हा सुरू! एकदा गोल चौकात मधोमध बंद पडली, मागे भलामोठा ट्रक. तेव्हाच ठरवलं, दोष सापडेपर्यंत गाडी बाहेर काढायची नाही.

माझी चूक

एकाच दिवशी मी प्लग बदलले, कार्ब्युरेटर साफ केला, फिल्टरही नवा टाकला. गाडी तशीच. त्यातून थोडा फरक पडला असता, तरी तो कशामुळे हे कळलंच नसतं. म्हणून एका वेळी एकच बदल करा. आणि दोष दिसतोय तेव्हाच तपासा. थंड गाडी काहीच सांगत नाही.

पायरी १: पेट्रोल येतंय का?

गाडी अंगणातच चालू ठेवली. बंद पडताच चावी फिरवून कान दिला. हिचा इलेक्ट्रिक पंप टकटक वाजतो. थोडं वाजून थांबला, तर कार्ब्युरेटरची टाकी भरली. वाजतच राहिला, तर पेट्रोल येत नाही किंवा कुठूनतरी हवा ओढली जातेय. माझा थांबला. म्हणजे पेट्रोल ठीक.

पायरी २: ठिणगी पडतेय का?

प्लग आणि वायरच्या मध्ये तपासणीचा छोटा दिवा लावला. थंड असताना तो लख्ख लागायचा, आता मंद आणि अधूनमधून. दोष इग्निशनमध्ये!

मग डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं, कॉइलची जाड वायर अर्थ केली आणि मित्राला स्टार्टर फिरवायला सांगून फोनवर स्लो-मोशन व्हिडिओ घेतला. पॉइंट्सवर मोठमोठ्या निळ्या ठिणग्या दिसल्या. (पेट्रोलचा वास येत असेल, तर हे अजिबात करू नका.)

कंडेन्सरचं काम काय?

पॉइंट्स उघडतात तेव्हा करंट तिथेच उडी मारू पाहतो. कंडेन्सर तो क्षणभर सामावून घेतो, त्यामुळे कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र झटकन कोसळतं आणि प्लगला जोरदार ठिणगी मिळते. आतलं इन्सुलेशन जुनं झालं, की गरम झाल्यावर ते दगा देतं. थंड झालं, की पुन्हा शहाणं!

बाहेरून ठीक दिसतोय म्हणून मी नेमका तोच बदलला नव्हता. नवा बसवला, पॉइंट्सची फट ०.३८ मिमी केली. पुढचे चाळीस मिनिटं गाडी एकदाही थांबली नाही.

फोन चार्ज करण्याआधी थांबा

या गाडीत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं, आजच्या गाड्यांच्या बरोबर उलट. नेहमीसारखा सॉकेट बसवून कार चार्जर लावला, तर त्याला उलटा करंट जाईल आणि तो जळू शकतो. सॉकेट बॉडीला कुठेही न टेकवता, वायरी उलट जोडूनच लावा. आधी मल्टीमीटरने तपासा, मगच फोन जोडा.