गुलाबाची पानं गोल कापलीत? स्प्रे खाली ठेवा!

आज ऐकता ऐकता गॅलरीतल्या गुलाबाकडे बघा. पानांच्या कडेचे गोल तुकडे कुणीतरी मोजून कापल्यासारखे गेलेत? तो रोग नाही. पानं कापणारी मधमाशी येऊन गेलीय.

मधमाशी म्हटलं की आपल्याला पोळं, राणी आणि डंख आठवतो. पण जगात मधमाश्यांच्या २०,००० हून जास्त जाती आहेत आणि बहुतेक एकट्या राहतात. राखायला पोळं नाही, म्हणून उगाच डंखही मारत नाहीत.

हिला लागतं फक्त एक भोक. ते आपण दिलं की झालं 'बी हॉटेल'! ६ ते १० मिलिमीटर पोकळीचा बांबू घ्या आणि १५ सेंटिमीटरच्या नळ्या कापा. मागची गाठ ठेवा, म्हणजे ते टोक बंद राहतं. तोंड पॉलिश पेपरनं घासा, खरखरीत कडेनं पंख फाटतात. दहा-पंधरा नळ्या घट्ट बांधून सकाळचं ऊन येईल अशा भिंतीला लावा. पाऊस आणि आपलं मे महिन्यातलं दुपारचं ऊन मात्र लागू देऊ नका.

मग बघत बसा. मादी पानाचा तुकडा घेऊन येते, आत त्याची पुडी वळते. पुडीत पराग-मकरंदाचा गोळा, त्यावर एक अंडं, वरून पानाचं झाकण. मग पुढची पुडी. आतल्या बाजूला माद्या, दाराजवळ नर. कारण नर आधी बाहेर पडतात. नळीचं तोंड पानांनी बंद झालं की ती उकरू नका, हलवू नका. पिल्लं उडून गेली की नळी बदला, नाहीतर परजीवी वाढतात.

एवढं कशासाठी? जालना रोडनं पुढे बदनापूर लागतं. तिथल्या कृषी संशोधन केंद्रानं 'बीडीएन ७११' हा तुरीचा वाण दिलाय. तुरीच्या फुलात पराग खालच्या पाकळ्यांत लपलेले असतात. ही माशी त्यावर बसून जोर लावते, पाकळ्या उघडतात आणि पराग तिच्या पोटावरच्या केसांना चिकटतात. तूर स्वतःच्या परागांवरही शेंगा धरते. पण एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडावर अशा माश्याच नेतात. संकरित तुरीचं बी तर त्यांच्याशिवाय तयारच होत नाही.

गंमत बघा, तूर फुलोऱ्यात येते तेव्हाच अळीसाठी फवारणीही होते. गावाकडे तूर असेल तर आज घरी फोन करा. फवारायचंच असेल तर संध्याकाळी फवारा म्हणावं, माश्या घरी गेल्यावर.

आणि गुलाबाची चार पानं गेली तर जाऊ द्या. वरणात परत मिळतील! भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.